उलटी गाठ

त्या दिवशी सकाळी धुकं असं दाटलं होतं, की होडीच्या एका टोकाला बसलं तर दुसरं टोक दिसेना. वारा नाही, लाट नाही. मी खेकड्यांचे सापळे बघायला निघालो. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "काका, आज राहू द्या की. एक दिवस गेला नाहीत तर खेकडे काही रुसणार नाहीत."

मी हसलो आणि निघालो.

खडकांपाशी वल्हं अडकलं. ओढलं, तर हिरवं नायलॉनचं जाळं वर आलं. आधी वास आला, सडक्या मासळीचा. मग दिसले काटे, सांगाडे, त्यांत ताजे अडकलेले मासे, आणि एक कासव. जिवंत होतं.

जाळ्याची गाठ बघितली आणि पुन्हा वळवून बघितली. मी डावरा. माझी गाठ उलटी बसते. आमच्या किनाऱ्यावर तशी दुसऱ्या कुणाची नाही.

बारा वर्षांपूर्वी हे जाळं मीच इथं सोडलं होतं. फाटून चिंध्या झालेलं, ओलं, जड. घरी कोण वाहून नेणार? आम्ही सगळेच तसं करायचो. बायकोला सांगितलं, खडकात अडकून गेलं. ती बिचारी हळहळली. जाळं मात्र इतकी वर्षं मासे धरत राहिलं, कुणाच्याच ताटात न येणारे. आणि आम्ही किनाऱ्यावर बसून म्हणायचो, समुद्राला काय झालंय कळत नाही...

कासव सोडवलं. ते लगेच गेलं नाही. होडीशेजारी थांबून बघत राहिलं. मीच मान खाली घातली.

तेव्हा ध्यानात आलं. जाळ्याला आता एकही भोक नव्हतं. फाटकी जागा अन् जागा सांधलेली. दोरा नवा. गाठ उलटी.

"कोण आहे...?" मी हळूच विचारलं. धुक्यात कुठं तरी पाणी हललं.

जाळं घरी आणलं, सुरीनं तुकडे तुकडे केले, पायरीपाशी ढीग घातला. मग किनाऱ्यावर जाऊन सगळ्यांना खरं ते सांगितलं. एक म्हातारा नावाडी पुटपुटला, "माझीही दोन आहेत खाली."

परत आलो, तर शेजारीण कुंपणाशी उभी. माझ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला.

"काका, तुम्ही आत्ता येताय...? मग मघापासून तुमच्या पायरीवर ओलाचिंब होऊन, पाठमोरं कोण बसलंय? हाक मारली तरी वळेना. डावा हात तेवढा चालू आहे. जाळं निम्मं सांधून झालंसुद्धा."