शेवटच्या शॉटमधले ओठ

माझं काम तसं सोपं. दुसऱ्याच्या तोंडात आपला आवाज घालायचा. बावीस वर्षं डबिंग करतेय. पडद्यावर शेकडो लग्नं लावून घेतलीत, पन्नासेक वेळा मेलेय, आणि घरी येऊन मुकाट्यानं भांडी घासलीत. त्यामुळे रेकॉर्डिस्टचा फोन आला तेव्हा मी फारसं काही विचारलं नाही. त्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो.

"जुना सिनेमा आहे," मास्तर म्हणाले. "आवाजाची टेप बुरशीनं गेली, चित्र शाबूत आहे. नायिकेचा आवाज द्यायचाय. दोन दुपारींचं काम."

चौतीस वर्षं तो सिनेमा डब्यात पडून होता. दिग्दर्शक, म्हणजे साहेब, आता ऐंशीला टेकलेले. नायिका त्यांची बायको. शूटिंग संपलं त्याच आठवड्यात ती घर सोडून निघून गेली, आठ महिन्यांची मुलगी पाळण्यात टाकून. साहेबांनी डबे बंद केले ते केलेच. आता सिनेमा पुरा करायचा हट्ट त्या मुलीचा होता.

"गेली तर गेली," ती मला म्हणाली. "पण मी तिचा आवाजसुद्धा ऐकलेला नाही हो. निदान तुमचा तरी..." वाक्य तिनं तसंच सोडलं आणि उगाच हसली.

सिनेमा प्रेमाचा होता. एक गाणारी मुलगी काचेचा कारखाना असलेल्या घरात प्रेमलग्न करून येते. घराण्याचा धंदा बुडायला लागतो तेव्हा गाणं सोडून ती भट्टीपाशी उभी राहते. कारखाना खराखुरा, साहेबांच्याच वडिलांचा. शेवटी भट्टीच्या शेडमध्ये ती नवऱ्याकडे बघते आणि म्हणते, "मी या घरची झाले." संपला सिनेमा.

पहिल्या दुपारी काम लोण्यासारखं झालं. तिचा चेहरा बोलका होता. वाक्याआधी ती किंचित श्वास घ्यायची, दुसऱ्या तासाला तो श्वास माझाच झाला. काचेपलीकडे मास्तर, त्यांच्या मागे सोफ्यावर बापलेक. लेक डोळे पुसत होती. साहेब पडद्याकडे न बघता स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

दुसऱ्या दुपारी शेवटचा शॉट आला. मास्तरांनी दिवा घालवला. बूथमध्ये बाहेरचं ऊन कधी कळतच नाही. मी वाक्य म्हटलं.

"ओठ जुळत नाहीत, बाई," हेडफोनमध्ये मास्तर म्हणाले.

पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. पाचव्या खेपेला मी बोलणं थांबवून नुसती बघत राहिले. या धंद्यात ओठ कधी मिटतात ते आधी मोजायचं असतं. प, ब, म आले की ओठ मिटणारच, तिथं लबाडी चालत नाही. "मी या घरची झाले" यात ओठ एकदाच मिटायला हवेत. तिचे चार वेळा मिटत होते.

"साहेब," मी माईकमध्ये विचारलं, "इथं वाक्य बदललं होतं का?"

"नाही." त्यांचा आवाज कोरडा आला. "सात टेक घेतले. सातही वेळा हेच म्हणाली ती. मी कॅमेऱ्यामागेच होतो."

"मग कागद बाजूला ठेवा, बाई," मास्तर म्हणाले. "ओठांच्या मागं मागं जा. काय निघतं बघू."

शॉट पुन्हा सुरू झाला. बूथमध्ये कसला तरी वास यायला लागला होता... ओल्या सिमेंटचा. नव्या घरात येतो तसा. एसी बंद असल्यासारखं गुदमरत होतं आणि तरी हात गार पडले होते. हेडफोनमध्ये तो श्वास आला. मला वाटलं माझाच. पण मी श्वास रोखून धरला होता...

तिनं कॅमेऱ्याकडे बघितलं. नवऱ्याकडे नाही, थेट कॅमेऱ्याकडे. ओठ हलले, आणि माझं तोंड त्यांच्यामागं गेलं.

"बाळा... मी गेले नाही. पुरलंय मला."

जुळलं. केसाइतकाही फरक नाही.

शॉट आपोआप पुन्हा फिरला, आणि देवाशपथ सांगते, मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं, तरी स्पीकरमधून वाक्य परत आलं. मास्तरांनी आवाजाचा फेडर शून्यावर आणला. तरी आलं. शेवटी त्यांनी मेन स्विचच ओढला.

मी चाचपडत बूथचं दार उघडून बाहेर आले. अंधारात लेकीचा आवाज आला. अगदी हळू. "बाबा... ती कुठं आहे?"

म्हातारा धापा टाकत म्हणाला, "ती तुला घेऊन जाणार होती. गाणं पुन्हा सुरू करते म्हणाली. घर, कारखाना, सिनेमा... सगळं कुणासाठी केलं होतं मी?"

"कुठं आहे?"

"शेडमध्ये. भट्टीच्या डाव्या हाताला... फरशी नवी घातली होती."

पोलिसांनी फरशी उखडली. ती तिथंच होती. साहेब खटला उभा राहीपर्यंतही जगले नाहीत. लेकीनं आईला रीतसर अग्नी दिला, कारखाना पाडला, आणि सिनेमा कुठल्याही पडद्यावर दिसणार नाही असं ठरवलं. मला वाटलं, सुटली बिचारी. दोघीही सुटल्या.

चार महिन्यांनी, भर दुपारी, लेक स्टुडिओत आली. चेहरा शांत, पण डोळ्यांखाली काळं. वजन निम्म्यावर आलेलं.

"तुमचे आभार मानायला आले," ती म्हणाली. "रोज आठवणीनं फोन करता. तासतास बोलता. तुमच्यामुळे तगले हो मी."

माझ्याकडे तिचा नंबरही नव्हता. मी काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, "आणि आज येते मी, तुम्ही बोलावलंत तिथं. एकटीच येते. कुणाला सांगितलेलं नाही."

"कुठं?" मी विचारलं. "अहो, कुठं बोलावलं?"

ती हसली, मी थट्टा करतेय असं वाटून. तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. तिनं स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझे दोन्ही हात रिकामे होते. तिनं सावकाश फोन कानाला लावला. खोली इतकी शांत होती की मलाही स्पष्ट ऐकू आलं. आधी तो पडद्यावरचा किंचित श्वास, मग माझाच आवाज... लाडिक, जरा घाईतला.

"निघालीस का गं?"