मामा मुकुंदच्या नावानं खेळला

“मामा, आज तुमचं नाव काय हाये?”

हा प्रश्न मी विचारला. पण माझ्या मनानं नाही. माझ्या मैत्रिणी मीना आणि रजनी, त्यांनी मला डिवचलं होतं. “विचारून दाखव वं. भेते काय?”

भिते कोण? मी विचारला.

तेव्हा भीत नव्हते...

पुढे वाचण्याआधी एक सांगते. यातलं एकही नाव मी बदललेलं नाही. डिसेंबर १९५६, नाताळाच्या आधीचा गुरुवार, पांढुर्ण्याचं शाळेमागचं मैदान. कोणाला खोटं वाटलं तर त्यानं पांढुर्ण्याला यावं आणि त्या दिवशी दोरीला टेकून उभ्या असलेल्या कोणालाही विचारावं.

मी विजया. नववीत शिकते. बाबा शाळेत मास्तर आहेत. आज शनिवार, उद्या फुटबॉल स्पर्धेची फायनल. मी हे आजच लिहून ठेवते आहे, कारण उद्या काय होईल ते मला माहीत नाही.

गुणवंतामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, नागपूरचा. मामा फुटबॉल खेळतो. पण त्याची टीम कोणती असं विचाराल तर सांगता येत नाही. आज गिरणीची, उद्या रेल्वेची, परवा एखाद्या खदानीची. जिथे माणूस कमी पडला तिथे मामा. पिशवीत एक हाफपँट, घोट्याला बांधायच्या पट्ट्या आणि गुडघ्याला चोळायचं तेल. बत्तीस वर्षांचा झाला, लग्न नाही. आई म्हणते, “याले पोरगी कोण देईन? पत्ता विचारला त काय सांगाव, कोणत्या गोलपाशी राहते?”

प्रश्नाचा मामाला राग नाही आला. तो खो खो हसला.

“परासियाले मी रामाजी होतो. बडनेऱ्याले अनिल. तिथं गोल मारला अन् लोक ओरडून राहिले, अनिल, अनिल! मी मागं वळून पाहिलं, हा अनिल कोण बाप्पा!”

आम्ही तिघी पोट धरून हसलो.

“अन् आज?”

“आज मुकुंद. सौंसरच्या टीमचा.”

त्याचं कारण असं. नोव्हेंबरच्या एक तारखेला नवी राज्यं झाली. आम्ही जागच्या जागी राहिलो आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. कालपर्यंत आमची राजधानी होती ते! स्पर्धेवाल्यांनी लगेच नियम काढला, मध्य प्रदेशाबाहेरचा खेळाडू चालणार नाही. मामा एका रात्रीत परका झाला. मग सौंसरच्या भगवंतरावांनी वाट काढली. ते संत्र्याचे व्यापारी, टीम त्यांचीच. ते म्हणाले, आमच्या मुकुंदच्या नावानं खेळ.

“मग मुकुंद कुठं हाये?” मी विचारलं.

“गावात नाही म्हणते.”

मामानं याहून जास्त विचारलं नव्हतं. भाड्यानं खेळणारे विचारत नसतात.

मुलींनी मॅच पाहायला जाऊ नये असा काही नियम नाही. फक्त कोणी जात नाही. आम्ही गेलो. मैदानाच्या कोपऱ्यात, शाळेच्या भिंतीपाशी मोहगावहून आलेल्या चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यात जाऊन बसलो. समोर गोल, आणि गोलमागे लगेच पऱ्हाटीचं वावर. कापूस फुटला होता. सगळं पांढरं पांढरं.

मॅचच्या आधी रेफ्री एकेकाचं नाव पुकारतात. ज्याचं नाव त्यानं हाजर म्हणायचं आणि एक पाऊल पुढे यायचं.

“मुकुंद!”

“हाजर!” मामा म्हणाला. पुढे आला.

आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे खेळाडू... थोडे सरकले.

वावरात मघापासून पाखरं ओरडत होती.

ती गप्प झाली...

मी मनात म्हटलं, असेल काही. शिट्टी वाजली. मामा नेहमीसारखा उजव्या बाजूनं पळू लागला. जन्मभर तो तिथेच खेळला आहे. त्याचा उजवा पाय म्हणजे तोफ. डावा पाय फक्त उभं राहायला दिला देवानं, असं तोच सांगतो.

थोड्या वेळानं मामा डावीकडे गेला.

कोणी सांगितलं नव्हतं. आपणहून गेला. त्याचं पळणंही बदललं. खांदा पाडून, छोटी छोटी पावलं टाकत. मी पाहत होते आणि मला वाटत होतं, हा कोण?

बॉल त्याच्याकडे आला. त्यानं तो डाव्या पायानं मारला.

गोल!

मी उडी मारून टाळ्या वाजवल्या. माझ्याच टाळ्या मला ऐकू आल्या... कारण दुसरं कोणीच वाजवत नव्हतं.

सौंसरची शंभर-दीडशे माणसं आली होती. त्यांच्याच टीमचा गोल झाला होता. आणि ती सगळी गप्प उभी होती.

शेजारची बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, “हे मारणं त मुकुंदाचं हाये.”

“मग? मुकुंदच हाये तो,” मी शहाणपणानं म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं.

“पोरी, मुकुंद गेला. पोळ्याच्या आठवड्यात, तापानं. आम्ही मयतीले होतो न.”

मी पुन्हा मैदानाकडे वळून मामाचा डावा पाय पाहू लागले.

सौंसर जिंकलं. लोक भराभर निघून गेले. ऊन उतरलं होतं. मामा गोलच्या खांबाला टेकून घोट्याची पट्टी सोडत होता. डाव्या हातानं.

“मामा!”

त्यानं वर पाहिलं नाही.

मी अगदी जवळ गेले. त्याच्या समोर उभी राहिले. “गुणवंतामामा!”

तो पट्टीच गुंडाळत राहिला. आणि त्याच्या पाठीमागून, पऱ्हाटीतून...

“बोल, विजूराणी!”

मामाचाच आवाज. लहानपणापासून मी हाक मारली की तो असंच म्हणतो. पण मामा माझ्यासमोर बसला होता. त्याचे ओठ मिटलेले होते.

मी वावराकडे पाहिलं. माणूस नाही. एक बोंडही हलत नव्हतं.

मीनानं मागून माझी वेणी धरली. तिनंही ऐकलं होतं. घर येईपर्यंत तिनं ती वेणी सोडली नाही.

मैदानावर तेवढ्यात भगवंतराव ओरडले, “मुकुंद! चल बे, गाडी निघून राहिली, मास्तराच्या घरी सोडतो!”

मामा लगेच उठला.

घरी आल्यावर तो ओट्यावर बसला आणि आईला म्हणाला, “बाई, पाणी देता काय?”

आई हसली. “बाई? अक्का म्हणाले तुही जीभ झडली काय रे?”

मामा हसला नाही. पाणी प्यायला, भांडं पालथं ठेवलं. तेलाची बाटली मी पुढे केली तर त्यानं नुसतं पाहिलं. मॅच झाली की त्याचा गुडघा नारळाएवढा सुजतो. मी वाकून पाहिलं.

गुडघा सुजलेलाच नव्हता...

शुक्रवारी सकाळी मी मागच्या दारातून हळूच हाक मारली. मामा पुढच्या ओट्यावर होता. उत्तर आलं रस्त्यापलीकडून. “बोल, विजू...” राणी ऐकू आलं नाही. आवाज कालपेक्षा लांब गेला होता.

मी बाबांना सांगितलं. बाबांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. आईला सांगितलं. आई म्हणाली, “उन्हात बसली होती न दिवसभर.”

दुपारी भगवंतराव टोपलीभर संत्री घेऊन आले. आनंदात होते.

“मास्तर, खदानीचे साहेब आले होते मॅच पाहाले. मुकुंद त्याहिले लय पसंत पडला. रविवारी असाच खेळला त पक्की नोकरी. राहाले क्वार्टर सुद्धा.”

आईनं हात जोडले. मी बोलले.

“नोकरी कोणाच्या नावानं?”

“ज्याच्या नावानं खेळला त्याच्याच न.”

“म्हणजे मामा जन्मभर मुकुंद?”

“मग काय झालं?”

“तो मेला हाये, काका!”

भगवंतराव संत्रं सोलत होते. सोलतच म्हणाले, “मेलेल्याचं नाव लय सोयीचं असते, पोरी. जित्याचं घेतलं का तो मधातच येऊन उभा राहते.”

मामा तिथेच बसला होता. त्यानं हात पुढे केला आणि एक फोड घेतली. डाव्या हातानं.

ते गेल्यावर मी आईशी भांडले. आई चिडली. “माहेरी मी वच्छला होती. इथं आली अन् छाया झाली. मेली काय मी? नाव बदललं म्हणून माणूस मरत नसते. त्याची वणवण त थांबन. गुडघा गेला त्याचा, विजू. अजून किती वर्षं परक्या टीमच्या पेंढीवर झोपन तो?”

मी तेलाची बाटली उचलून फळीवर ठेवली.

आज सकाळी मी पुन्हा हाक मारली. किती तरी वेळ काहीच नाही. मग स्टेशनाकडून, वाऱ्यात मिसळल्यासारखं... “बोल...”

एवढंच.

आज दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. धुळीनं भरलेली. मोहगावची अंबाबाई.

“इथं मुकुंद राहते म्हणते?”

आई गोंधळली. ती काही सांगणार तेवढ्यात आतून आवाज आला.

“माय! आली काय?”

मामा बाहेर आला. अंबाबाईसमोर जमिनीवर बसला. खिशातून पट्टी काढली आणि डावा पाय तिच्या मांडीवर ठेवला.

अंबाबाईच्या हातांनी पट्टी बांधली. तिनं नाही, हातांनीच. तिची नजर मामाच्या चेहऱ्यावर होती आणि हात आपले सवयीनं चालले होते. गाठ आतल्या बाजूला मारली. मामा गाठ बाहेर मारतो.

मग तिनं चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

“हा माहा पोरगा नोहे,” ती आईला म्हणाली. “पण पाय त्याचा हाये...”

आई भिंतीला टेकली. अंबाबाई उठली. मी तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेले.

“काहून बोलावलं वं त्याले? मी त्याले रडून रडून वाटे लावलं होतं.”

“आम्हाले माहीत नव्हतं, आजी.”

“त्याच्या डोक्यात ताप गेला होता. शुद्धच नव्हती. आपण मेलो हे त्याले ठाऊकच नाही, बाई. चारचौघात नाव पुकारलं, हाजर म्हणलं. तो आला. त्याले वाटते मॅच हाये.”

“मग तुम्ही सांगा न त्याले!”

“मी माय हाव. काल रिकाम्या मैदानावर येऊन बसली होती, त्याले सांगाले. आत्ता बी तोंड उघडलं. माह्या तोंडातून निघत नाही...”

ती निघाली. ओट्यावरून मामा तिच्या पाठीकडे पाहत होता. लहान पोरासारखं म्हणाला, “माय, थांब न. उद्या फायनल हाये.”

अंबाबाईनं मागे पाहिलं नाही. पळाल्यासारखी गेली.

दिवेलागणीला मी आई-बाबांसमोर बसले. आई चुलीपाशी, बाबा खाटेवर. ओट्याचं दार उघडं होतं, मामाची पाठ दिसत होती.

बाबा हळू आवाजात म्हणाले, “विजू, हे बाहेर फुटलं तर काय होईल ते समजून घे. सौंसरची टीम बाद. नोकरी गेली. मामाला यापुढे कोणी मैदानावर उभं करणार नाही, कुठेच. आणि तोतया माणूस माझ्या घरात राहिला म्हणून मला विचारतील. वरचे साहेब आता भोपाळला बसतात. माझं तिथे ओळखीचं कोण आहे?”

“पण बाबा, मामा...”

“मामा समोर बसला आहे,” बाबा म्हणाले. पण दाराकडे न पाहता म्हणाले.

आईनं भाकर तव्यावर टाकली आणि नेहमीसारखी हाक मारली.

“गुणवंता, जेवाले ये रे!”

ओट्यावरची पाठ हलली नाही.

आम्ही वाट पाहिली.

कुठे तरी कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

आणि मग... फार फार लांबून. तिगाव स्टेशनाकडून येणारी गाडी ऐकू येते तितक्या लांबून...

“अक्का...”

आईनं ऐकलं. बाबांनीही ऐकलं. मी दोघांची तोंडं पाहिली.

तव्यावरची भाकर जळायला लागली. कोणी उलटली नाही. आई दाराकडे पाहत होती. मग ती अगदी हळू, मलाही जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली,

“मुकुंद...”

मामानं लगेच वळून पाहिलं.

“काय बाई?”

आईनं माझा हात इतका घट्ट धरला की अजून दुखतो आहे.

मामा पुन्हा समोर पाहू लागला. अंधारात त्याचा डावा पाय हलत होता, बॉल खेळवल्यासारखा...

मला रडू येत होतं. पण मी बोलले.

“बाबा, उद्या मी मैदानावर जाऊन राहिली. मले कोंडलं त खिडकीतून जाईन. रेफ्रीनं मुकुंदचं नाव पुकारलं का मामानं हाजर म्हणायच्या आत मी दोरीखालून आत शिरन, अन् सगळ्याइच्या समोर सांगन का मुकुंद मेला. मोहगावच्या अंबाबाईचा मुकुंद तापानं मेला. नोकरी जाते त जाऊ द्या. अन् आई, तू संगं चल. गुणवंता म्हणून हाक तुलेच मारा लागन. माहा आवाज आता तिथपर्यंत जाऊन नाही राहिला.”