काँप्युटरातला पावणा

कसबा बावड्यात एक सासू, एक सून आणि एक काँप्युटर नांदत होते. सासू म्हणजे मी, धोंडुबाई. सून वर्षाराणी, लग्नाचे अल्बम करणारी. वारणानगरच्या बाळासोंनी लेकीच्या लग्नाचा अल्बम तिला सांगितला होता. तिचं पहिलंच मोठं काम, आणि सगळे फोटो त्या एका डब्यात. ते गेले तर बाळासोंच्या लेकीचं लग्न परत कुठून आणायचं? आणि सुनेला पुन्हा काम कोण देणार?

एका दुपारी ती गिरणीत दळण टाकायला गेली. घरात मी एकटीच, तांदूळ निवडत. वारा पडलेला, साखर कारखान्याच्या मळीचा गोडूस वास खोलीत साचलेला. तेवढ्यात मागच्या खोलीत घरघर सुरू झाली... झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. जाऊन बघते तर काँप्युटरची काच काळी, पण वरचा बारका डोळा पेटलेला. टक लावून माझ्याकडे.

"कोण हाय?"

घरघर थांबली... आणि पुन्हा सुरू झाली.

परक्यानं असं बघितलेलं मला खपत नाही. आरशावर चिकटवलेली सुनेची टिकली काढली आणि त्या डोळ्यावर लावली.

वर्षाराणी आली ती चरकलीच. "बंद करून गेलतो की, आत्ती!" तिनं तपासलं. "आत कोण न्हाय म्हणतंय. सगळं ठीक दावतंय. पण... हळदीचं फोटू कुठं गेलं?"

मी मीठ, मोहरी, मिरच्यांनी काँप्युटरची दृष्ट काढली. आम्ही दोघी खोकून बेजार. शेजारची बनाबाईसुद्धा खोकत दारात आली. तो मात्र मजेत घरघरत होता.

शेवटी राजारामपुरीतून मुस्कानला बोलावलं. काँप्युटर दुरुस्त करणारी पोरगी, तोंडाची फटकळ.

"वहिनी, फुकटचं काय घेतलंय ह्यात?"

"अल्बमचं सॉफ्टवेअर..." सून पुटपुटली. "आत येऊ का म्हणालं, मी व्हय म्हटलं."

"कोण, कुठलं, काय इचारलं न्हाईसा?"

"दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग चहा," मी म्हटलं. "नाव-गाव मागनं निघतंच की."

"आज्जी, ह्याला रूटकिट म्हणत्यात. ह्यो पावणा थेट घरच्या मालकाच्या, म्हंजे काँप्युटरच्याच अंगात शिरतोय. मग तुम्ही काँप्युटरला इचारा, आत कोण हाय? त्योच आतनं उत्तर देतोय... कोण न्हाय."

सुनेनं माझा पदर घट्ट धरला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

"म्हणून ह्याला कायबी इचारायचं न्हाय," मुस्कान म्हणाली. तिनं स्वतःचा पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्याच जोरावर मशीन सुरू केलं. "मालक निजलेला असताना आपल्या बॅटरीनं घर बघायचं."

आणि दिसलं की! लपवलेली हळद, अक्षता, सगळं लग्न. वर्षाराणी रडायलाच लागली. त्यासोबत आमचेही फोटो निघाले. मी तोंड उघडं टाकून घोरताना, मी कवळी धुताना, सून दाराआड डबाभर चिवडा खाताना.

"आत्ती, त्यो चिवडा..."

"तुला नंतर बघतो."

टिकली लावल्यानंतरचे सगळे काळे. फक्त शेवटी एक उजेडातला. त्यात मी पाठमोरी, डोळ्यावर टिकली चिकटवताना.

"आज्जी," मुस्कानचा आवाज एकदम बसला. "तुमच्या मागं कॅमेरा कुठाय?"

"मागं भिंत हाय, पोरी."

तिनं एकदा त्या भिंतीकडे बघितलं. फोटो तेवढे बाजूला काढले, बाकी सगळं पुसून काँप्युटर नव्यानं बसवला. पैसे घेतले आणि चहा न घेताच गेली.

अल्बम बघून बाळासोंनी सगळ्या भावकीची लग्नं वर्षाराणीकडे दिली. आता राजारामपुरीत तिचं स्वतःचं दुकान आहे, पाटीवर नाव आहे, हाताखाली दोन पोरी आहेत. देवाच्या दयेनं सगळं झकास चाललंय.

तो पाठमोरा फोटो मी फ्रेम करून त्याच भिंतीवर लावलाय. अंबाडा फार सुरेख आलाय त्यात. सून म्हणते काढा. पण परवा पुसताना बघितलं, तर फोटोत आता माझा एक कान दिसायला लागलाय. कुडी मात्र छान चमकते.