राहीचा श्वास

भातकापणी उरकली होती. भंडारदऱ्याचं पाणी गावाच्या उतारापर्यंत आलेलं होतं. मी सुट्टी काढून आले होते ती भावाची, आदिनाथची, चार महिन्यांची मुलगी पाहायला. तिचं नाव राही.

मी स्कॉटलंडच्या एका बेटावर सीलच्या पिल्लांचा अभ्यास करते. ही पिल्लं जन्मतात जमिनीवर, पण पुढचं आयुष्य काढायचं असतं समुद्रात. त्यामुळे झोपेतच त्यांचा बुडीचा सराव सुरू होतो. श्वास थांबतो, हृदय मंदावतं. सुरुवातीला ठोके अडखळतात, मध्येच उगाच धावतात. पिल्लू वाढेल तसं त्याला ते जमायला लागतं.

हे मी घरी कौतुकानं सांगत होते, तेव्हा माझी भावजय मोनिका भाकरी थापता थापता थांबली.

"ताई, आमच्या राहीचं बी असंच हाय," ती म्हणाली.

राही झोपली की तिचा श्वास थांबायचा. नाशिकला दोनदा दाखवून झालं होतं. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. श्वास थांबला की तळव्यांवर टिचकी मारा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोनिका त्या भीतीनं धड झोपतही नव्हती.

दुपारी राही झोपल्यावर मी सामानातला माझा कामाचा स्टेथोस्कोप तिच्या छातीला लावला. श्वास थांबला. ठोके मंद झाले, पण अडखळत, मध्येच धावत. मग श्वास आला, ठोके पूर्ववत झाले. मी स्टेथोस्कोप काढला नाही. असे ठोके मी शेकडो वेळा ऐकले होते, माणसाच्या छातीत कधीच नाही.

पुढचे काही दिवस मी रोज ऐकत राहिले. अडखळणं कमी होत गेलं. श्वासाचा थांबा लांबत गेला. राहीचा रंग मात्र एकदाही बदलला नाही, ओठ गुलाबीच राहिले. आदिनाथ विचारायचा, घाबरण्यासारखं आहे का. मी म्हणायचे, बघते. खरं तर मला भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती.

निघायच्या आदल्या दिवशी मोनिका कपडे धुवायला पाण्यावर गेली, तेव्हा मीही राहीला घेऊन गेले. ऊन छान पडलं होतं. राही माझ्या मांडीवर होती, जागी. ती पाण्याकडे बघत होती.

तिनं एक लांब उच्छ्वास सोडला आणि पुन्हा श्वास घेतलाच नाही.

सीलही असंच करतात. बुडी मारण्याआधी छाती रिकामी करतात.

मी स्टेथोस्कोप लावला. ठोके खाली खाली जात होते. संथ, एकसारखे. एकही अडखळत नव्हता.

मोनिका हातातलं लुगडं टाकून धावत आली. तिनं राहीच्या तळव्याकडे हात नेला.

"थांब," मी म्हणाले.

"ताई, पोर हाय ती माझी."

"थोडं थांब. मी ऐकतेय."

तिचा हात तसाच अधांतरी राहिला. राहीचे डोळे उघडे होते, पण ते आता कशाकडेच बघत नव्हते.

ठोका.

बऱ्याच वेळानं दुसरा.

माझा धीर सुटला. तिच्या तोंडात फुंकर घालायला मी वाकले, आणि कानात ठोके वेग घेऊ लागले. श्वास अजून आला नव्हता. पाण्याच्या वर येण्याआधी सीलचं हृदय असंच धावू लागतं. आपण कधी वर येणार, हे त्याला आधीच ठाऊक असतं.

मग राहीनं श्वास घेतला आणि माझ्या तोंडावर सोडला. तो बर्फासारखा गार होता. त्याला मीठ, शेवाळ आणि कच्च्या मासळीचा वास होता.

मोनिकानं तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. राही तिचा पदर चोखू लागली. मोनिकानं हळूच विचारलं, "ताई, ह्यो वास कशाचा असतो? उठली की रोज येतो. पयलं थोडाच यायचा."

मोनिकानं समुद्र कधी पाहिला नव्हता. वास कशाचा, ते मी तिला सांगितलं नाही.