वीस स्पॅनिश वाक्यं

सगुण मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो पाण्याच्या पंपाशी बोलत होता. पेडण्यातल्या आमच्या काजू कारखान्याच्या मागे पागोळ्या गळत होत्या, आणि मी चिकाने काळे झालेले हात राखेने घासायला गेले होते.

"एस्ता कालिएन्ते," तो पंपाला म्हणाला.

"त्याला कोकणी कळत नाही काय?" मी विचारलं.

तो दचकला… मग हसला. "स्पॅनिश आहे. म्हणजे, तापलाय."

"कोण तापलाय?"

"अजून कोणी नाही," माझ्याकडे बघत तो म्हणाला. मी हात पुन्हा घासायला घेतले, स्वच्छ झाले होते तरी.

त्याच वर्षी गोवा राज्य झालं होतं. कारखान्यात स्पेनहून मशीन येणार होतं, आणि ते बसवणाऱ्या साहेबाला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. ज्या फिटरला त्याचं बोलणं समजेल तो कायम होईल, असं मालकांनी सांगितलेलं. सगुण तिथे हंगामी फिटर होता; नाही जमलं तर त्याचे वास्कोचे कृष्णनाथमामा त्याला बोटीवर नोकरीला चढवणार होते. मामा स्वतः बोटीवरच स्पॅनिश शिकलेले. त्यांनीच कामाची वीस वाक्यं देवनागरीत लिहून दिली होती.

"कागद धर गो, चंद्रावती. मी चुकलो तर सांग," सगुण एके दुपारी म्हणाला.

मी धरला… उलटा. त्याने तो हळूच सुलटा केला. दुसऱ्या दिवसापासून रोज एक अक्षर दाखवू लागला. मी आयुष्यात वाचलेली पहिली ओळ मराठी नाही, कोकणीही नाही — 'पारे ला माकिना', म्हणजे मशीन थांबवा.

"स्पेनची सून होतेस की काय?" काजू फोडता फोडता शेजारी बसणारी भाग्यलक्ष्मी चिडवायची.

"आधी मशीन तरी येऊ दे," मी म्हणायचे. पण तो कागद पाठ व्हायला लागला तसं मला वाटायचं, हा बोटीवर गेला तर मी कोणाची परीक्षा घेऊ?

मशीन आलं, पाब्लो नावाचा साहेबही आला. मग आला दसरा. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात. नव्या मशीनला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि मी घरून ओवून आणलेला झेंडूचा हार घातला. छान दिसेल अशा जागी… नेमका रोलरच्या वर. साहेबाने बटण दाबलं मात्र, रोलरने हार ओढून घेतला. दोरा गच्च गुंडाळला, पट्टा तुटला.

साहेब लालबुंद झाला. मालक म्हणाले, "ज्याने हे केलं त्याने उद्यापासून घरी बसावं."

मी पुढे झाले. कागदाच्या अगदी तळाशी एक वाक्य होतं, तेच म्हटलं, "फुए कुल्पा मिआ." चूक माझी.

त्याच क्षणी सगुणही तेच म्हणाला.

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. रागातच हसू आलं त्याला. सगुणला काहीतरी विचारलं, आणि सगुणचे कान लाल झाले. मग साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून मालकांना खुणेने सांगितलं, मला हाच हवा. मालकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मीही नेहमीसारखी कामावर होते.

"काय विचारलं त्याने?" मी नंतर विचारलं.

"ही तुझी कोण."

"मग?"

"उत्तर कागदावर नव्हतं…" तो तेलकट हात पुसत राहिला. "तूच सांग. काय सांगू?"

"होणारी बायको, म्हण," मी म्हटलं, आणि पळाले.

पुढच्या रविवारी आम्ही बसने वास्कोला गेलो, बोटीवर जायचं नाही हे मामांना सांगायला. मी वाकून पाया पडले. "मामा, तुमच्या कागदाने मला अक्षरं दिली, आणि… हा दिला. तुमचे उपकार कसे फेडू?"

मामांनी चष्मा काढून आम्हा दोघांकडे पाहिलं.

"अगो," ते म्हणाले, "मी ती वाक्यं मशीनसाठी लिहिली होती."