मुंग्या लागलेला बोल्ट

“अण्णा, थांब! पाना घसरतोय, बोल्टचं डोकं गोल होईल!”

वसुमती ओरडली, पण तिच्या मोठ्या भावाने, जयतीर्थअण्णाने, ऐकलं नाही. त्याने भिंतीला पाय लावला, दातओठ खाल्ले आणि पान्याला हिसका दिला. पाना सटकला. अण्णा बादलीवर आपटला. बोल्ट मात्र जिथल्या तिथे!

“झालं गोल,” वसुमती म्हणाली.

“तू गप्प बस!” अण्णा कोपर चोळत उठला आणि तणतणत घरात गेला.

दसऱ्याची सुट्टी होती. बसवनगुडीतल्या त्यांच्या घराला लागून पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये अण्णाची मोटारसायकल उभी होती. उभीच होती, हेच तर दुखणं! ठिणगी पडत नव्हती. ठिणगी पाडणारे आतले पॉइंट साफ करायचे तर इंजिनाचं भिंतीकडचं झाकण उघडायला हवं आणि त्या झाकणाचे बोल्ट काही केल्या हलत नव्हते. अण्णाने रॉकेल ओतून पाहिलं, हातोडी मारून पाहिली, शेवटी इंग्रजीत शिव्याही देऊन पाहिल्या.

त्यात आजोबांचा, म्हणजे भीमाचार्यांचा हुकूम सुटला होता. “खंडेनवमीला पूजा करायची ती चालत्या वाहनाची! मढ्याला हार घालायला मी मोकळा नाही. उद्या यशवंतपूरहून शिवाप्पा बैलगाडी घेऊन येईल. हे लोखंड भंगारात जाऊ दे.”

उद्या अष्टमी. परवा खंडेनवमी. या गाडीचा एकेक भाग वसुमतीला नावानिशी ठाऊक होता. तिच्या वर्गातल्या मुली भरतकाम शिकत होत्या, तेव्हा ही अण्णाच्या शेजारी बसून कार्ब्युरेटर धूत होती. आणि आता ती गाडी भंगारात? छे, छे!

“एक गंमत पाहिलीस, वसू?” शेजारचा व्यंकोजी म्हणाला. तो तिच्याच वर्गात होता. “रस्त्याकडच्या बाजूचे बोल्ट दोन बोटांनी निघाले. गंज आहे तो फक्त भिंतीकडे.”

“पावसाचं पाणी लागलं असेल,” गुंडो म्हणाला. हा हयवदनकाकांचा मुलगा, सगळ्यांत धाकटा.

“वर पत्रा आहे, दिसत नाही?” वसुमती खाली वाकली आणि तशीच थबकली. “अय्यो! इकडे बघा!”

भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरली होती, ती थेट इंजिनावर. बोल्टभोवती मुंग्यांची ही गर्दी!

“लोखंडाला मुंग्या?” व्यंकोजी चक्रावला.

गुंडोने फार विचार केला नाही. तो कधीच करत नसे. झाकणाच्या कडेला साचलेला तपकिरी चिकटा त्याने नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला.

“शी! थुंक, थुंक!”

“अक्का, गोड लागतंय! स्वल्प रॉकेलचा वास आहे, पण गोड!”

वसुमतीने मान वर केली. बोल्टच्या बरोबर वर देवघराची गजांची खिडकी होती. खिडकीखाली भिंतीवर पांढुरके ओघळ होते आणि एका ओघळात तुळशीचं वाळकं पान चिकटलं होतं. कोडं उलगडायला लागलं.

घरात रोज देवाला पंचामृताचा अभिषेक होई. दूध, दही, तूप, मध, साखर! ते पाणी पायदळी येऊ नये म्हणून झाडाच्या मुळाशी घालायचं असतं. आजोबा तांब्या घेऊन परसातल्या तुळशीपर्यंत जात. पण त्यांचे गुडघे धरले आणि पूजा काकांकडे आली. काकांचं निम्मं लक्ष देवाकडे असे आणि निम्मं ऑफिसच्या बसकडे.

“गुंडो, तुझे बाबा अभिषेकाचं पाणी कुठे घालतात?”

“खिडकीतून! खाली जास्वंद आहे ना, तिला.”

“अरे, जास्वंद युगादीलाच उपटली! शेड बांधायला!”

“बाबांना कुठे माहीत? ते इकडे फिरकतात कधी?”

व्यंकोजी पोट धरून हसला. “चला, आत्ताच सांगू सगळ्यांना!”

“नको,” वसुमती म्हणाली. “सांगितलं तर काका म्हणतील, पोरं काहीतरी बरळतात. त्यांना दाखवायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आजोबांची खुर्ची शेडसमोर मांडली. “गाडीला निरोप द्यायला तरी या, आजोबा.” मग ती अण्णाच्या मागे लागली. “शेवटचं एकदा बघ ना रे, तो खिडकीखालचा बोल्ट!” अण्णा कुरकुरत खाली बसला. देवघरात घंटा वाजली. गुंडोने तोंडात उपरणं कोंबलं.

खिडकीच्या गजांतून हात आला, हातात तांब्या होता आणि तांब्या उलटा झाला.

“अगं आई गं!” अण्णा केवढ्याने ओरडला!

“हयवदन!” आजोबा गरजले. “पाणी कुठे ओतलंस?”

“नेहमीसारखं जास्वंदीला, अप्पा!” आतून उत्तर आलं.

“बाहेर ये आणि मला ती जास्वंद दाखव!”

काका सोवळ्यातच धावत आले. जास्वंद नव्हती. अण्णा होता, डोक्यापासून मधात माखलेला, कानावर तुळशीचं पान.

तेवढ्यात फाटकाशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. “अम्मा, चढवायची का गाडी?” शिवाप्पाने वसुमतीला विचारलं.

“स्वल्प थांबा!” वसुमती ओरडली. “अण्णा, साखर रॉकेलमध्ये विरघळत नाही. मधाच्या बाटलीचं झाकण अडकलं की आपण काय करतो? गुंडो, न्हाणीघरातलं कढत पाणी आण!”

कढत पाण्याच्या तांब्यामागून तांब्या बोल्टवर पडला. तपकिरी रस गळायला लागला. मग गंजासाठी रॉकेलचे थेंब, मग हातोडीच्या हलक्या टिचक्या.

“आता आधी जरासा घट्ट कर,” ती म्हणाली.

“घट्ट? काढायचाय ना?”

“आतला गंज फुटू दे. मग सैल कर.”

कर्र! बोल्ट फिरला! मागोमाग बाकीचेही निघाले. उरला तो डोकं गोल झालेला. वसुमतीने एक लहान मापाचा गोल पाना शोधला, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर ठोकून बसवला आणि स्वतःच जोर लावला. तिचा चेहरा लालबुंद झाला. व्यंकोजी श्वास रोखून बघत होता. मग कर्रकन् तोही फिरला.

अण्णाने पॉइंट घासले, झाकण बसवलं आणि किक मारली. पहिली फुकट गेली. दुसरीही. शिवाप्पा बैलगाडीवरून उतरला. तिसरीला धूर उठला, इंजिन खोकलं आणि धडधड सुरू झालं! गुंडो नाचायला लागला आणि वसुमतीला रडूच फुटलं.

“सरी, ठीक आहे, मी निघतो,” शिवाप्पा म्हणाला आणि बैल वळवून रिकामाच गेला.

“शाब्बास, पोरी!” आजोबा म्हणाले. “आणि गुंडो, व्यंकोजी, तुम्ही दोघेही शाब्बास! हयवदन, उद्यापासून तांब्या तुळशीपर्यंत. बस चुकली तर चुकू दे.”

“हो, अप्पा,” काका खाली मान घालून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आजोबांची पोथी, आईची विळी, काकांचं फाउंटन पेन, सगळं देवापुढे मांडलं गेलं. अण्णाने पाना पुसला आणि तो ठेवायला वाकला.

“थांब, जयतीर्था,” आजोबा म्हणाले. “हत्यार ज्याचं, त्याने ठेवायचं असतं.”

अण्णा वळला आणि त्याने पाना वसुमतीच्या हातात दिला.