नसलेला सहा नंबर

अंडी उबवायचं यंत्र चार तास बंद होतं आणि ते आपणच बंद केलं, हे कामावरची मावशी कबूल करत होती. तरी मालकीणबाईंनी वहिनींना बोलावलं, कारण मावशी एकच धरून बसली होती: "तुम्हीच सांगितलंत."

वहिनी खाजगी गुप्तहेर. सोबत त्यांचे दीर, वही आणि घाई सांभाळणारे.

"कबुली आहे, वहिनी. चला घरी."

"भाऊजी, कुणी केलं ते कळलं. का केलं ते कुठं कळलंय?"

यंत्रात दीडशे अंडी, आज विसावा दिवस. उद्या पिल्लं निघायची. खुराडी बारा वर्षं मावशीकडे, पण यंत्राला हात लावायच्या त्या फक्त मालकीणबाई, मावशीच्या ताई. पिल्लं गेली तर मावशीची नोकरीही जाणार होती.

मालकीणबाई तीन दिवस परगावी होत्या; आज दुपारी परतल्या तर यंत्र बंद. पर्समधला यंत्राच्या सूचनांचा जुना छापील कागद बघून त्यांनी आज सकाळी फोनवर सांगितलं होतं, फक्त तीन नंबर कर, सहाला हात लावू नकोस. कागदावर तीन म्हणजे पाणी भरणे, सहा म्हणजे यंत्र बंद करून धुणे.

मावशीने डोळे पुसले. संगणकावर त्याच सूचनांचं पान होतं, त्यातल्या तक्त्यात ती रोज तापमान बघायची. त्याच्याच खालचं तीन नंबर केलं. यंत्र गार झालं की धुवायचं, म्हणून झाकण अजून उघडलं नव्हतं.

"आणि सहा नंबर तिथं नव्हताच. म्हटलं, ताई गडबडीत असतील."

भाऊजींनी वहीत 'थाप' लिहून खाली रेघ मारली.

मग मालकीणबाईंचे जावईबापू. संगणकावरचं सूचनांचं विकी-पान, हवं तेव्हा बदलता येणारं, त्यांनीच बनवलेलं. गेल्या आठवड्यात सूचनांच्या मधोमध कोणत्या दिवशी किती तापमान, एवढा तक्ता त्यांनी घातला होता.

"बाकी एक शब्द बदलला नाही. आकडे तर मी टाइपही करत नाही. ओळीआधी खूण टाकायची, आकडे पान आपणच घालतं."

वहिनी हसल्या आणि सगळ्यांना संगणकापुढे घेऊन गेल्या.

"कुणीच खोटं बोलत नाहीये. मध्ये तक्ता आला की हे पान समजतं, यादी संपली. खाली नवी यादी, पुन्हा एकपासून. बघा: एक, दोन, तीन, मग तक्ता, मग परत एक, दोन, तीन. कागदावरचा सहा इथं तीन झालाय. पान तक्त्यापाशीच उघडं, वरचा तीन मावशींना दिसणार कसा?"

त्यांनी तक्ता उचलून यादीच्या शेवटी टाकला. आकडे मुकाट्यानं एक ते सहा झाले. जावईबापू कानाची पाळी चोळत राहिले. भाऊजींनी 'थाप' खोडली.

मालकीणबाईंचा आवाज उतरला होता. "मावशी, चुकलं माझं. आधी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं. तू कुठं जायचं नाहीस."

मावशीचं लक्षच नव्हतं. यंत्र पुन्हा चालू करून तासभर झाला होता आणि ती झाकणाला कान लावून उभी होती. तिने बोटानं सगळ्यांना गप्प केलं.

"ताई, इकडे या. आतून टोचतायत."